रबराला पक्कं करणारा गुडइयर, आणि त्याच रबराचं भंगार

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या पट्ट्यात छोट्या कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत. त्यातले काही रबराचे वॉशर, गॅस्केट बनवतात. साच्यातून माल निघाला की कडेला सांडलेलं रबर कापून टाकावं लागतं. तेच प्लॅस्टिक असतं तर वितळवून पुन्हा वापरता आलं असतं. रबराचं तसं होत नाही, आणि त्याला कारण चार्ल्स गुडइयर.

टायरवर नाव वाचलं असेल. पण ती कंपनी 1898 ची. तिने या माणसाचं फक्त नाव घेतलं.

गुडइयरचा जन्म 1800 चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. हार्डवेअरचा धंदा बुडाला, कर्जापायी तुरुंगवारी झाली. तेव्हाचं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. त्यावर उपाय शोधायचा नाद त्याला लागला. घरातलं सामान विकलं गेलं, बारापैकी सहा मुलं लहानपणीच गेली, तरी नाद सुटला नाही. 1839 मध्ये गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या स्टोव्हला लागलं, पण वितळलं नाही. रबराच्या लांब साखळ्यांना गंधकाने आडवे टाके घातले होते. 1844 मध्ये पेटंट मिळालं.

पण हे टाके सहजी उसवत नाहीत. म्हणूनच पक्कं झालेलं रबर पुन्हा वितळत नाही. त्यावरचा पहिल्यांपैकी एक तोडगाही गुडइयरचाच: भंगार रबर दळून नव्या रबरात मिसळण्याचं पेटंट त्याने 1853 मध्ये घेतलं.

आजही मूळ पद्धत तीच आहे. कातरण दळायचं, चाळायचं, रोल मिलवर ताज्या कंपाउंडमध्ये घालायचं. चुरा जितका बारीक तितकं बरं, कारण जाड कणापाशी माल फाटायला लागतो. कंपाउंडमधलं थोडं गंधक चुऱ्यात शिरतं, म्हणून गंधकाचं प्रमाण नव्याने जुळवावं लागतं. नायट्राइलचा चुरा नैसर्गिक रबरात टाकला तर दोन्ही नीट एकजीव होत नाहीत. आणि चुरा वाढला की ताकद घटते. पायपुसण्याच्या मॅटला हे चालून जातं, ब्रेकच्या सीलमध्ये असली काटकसर नको.

गुडइयरचे पैसे मात्र कोर्टकचेऱ्या आणि प्रदर्शनांत गेले. 1855 मध्ये पॅरिसमध्येही तो कर्जापायी तुरुंगात गेला. 1860 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला तेव्हा डोक्यावर सुमारे 2 लाख डॉलरचं देणं होतं.