सांतोरिओचा तराजू

सांतोरिओचा जन्म १५६१ साली झाला. पुढे तो इटलीतील पादुआ विद्यापीठात वैद्यकाचा अध्यापक झाला. त्या काळी जुन्या ग्रंथांतील वचने प्रमाण मानीत. परंतु सांतोरिओ स्वतः मोजून पाहणारा होता. खाल्लेल्या अन्नाचे पुढे काय होते, हे जाणण्यासाठी त्याने मोठ्या तराजूला आसन टांगले. भोजनापूर्वी व नंतर, निजण्यापूर्वी व उठल्यावर तो आपले वजन करी. अन्नपाणी आणि मलमूत्रही तोली. सुमारे ३० वर्षे हा नेम चालला. दिवसाच्या ८ पौंड अन्नपाण्यापैकी सुमारे ५ पौंड न दिसता देहाबाहेर निघून जातात, असे त्याला आढळले. १६१४ साली त्याने हे ग्रंथरूपाने मांडले. १६३६ साली तो वारला. चयापचयाच्या प्रायोगिक अभ्यासाचा पाया त्याच्या या नित्यनेमाने घातला गेला.