डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मतदारसंघाचा धुरा

शेताचा धुरा वीतभर सरकला तर आपल्या वऱ्हाडात सख्खे भाऊ कचेरी गाठतात. परंतु मतदारसंघाचा धुरा कोसभर सरकला तरी गावात त्याची वार्ताही होत नाही. या दुसऱ्या धुऱ्याचे मोल ज्यांनी आयुष्यभर जाणले, त्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील तेवढाच भाग समाजबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी झाला. परदेशी विद्या संपादून परतल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. गावोगाव विखुरलेला अस्पृश्य समाज कोणत्याही प्रादेशिक मतदारसंघात अल्पसंख्यच राहणार. म्हणून त्यास स्वतःचे प्रतिनिधी निवडता आले पाहिजेत, असे त्यांनी मांडले.

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि अखेरचा कौल संयुक्त मतदारांच्या हाती राहिला. ही खंत बाबासाहेबांनी पुढे अनेकदा बोलून दाखविली.

१९४६ मध्ये ते बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. फाळणीची रेषा पडली आणि त्यांची ती जागाच गेली! जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांताने त्यांस पुन्हा पाठविले. सर्वांच्या मताला सारखे मोल देणारी राज्यघटना सिद्ध करण्यात त्यानंतर त्यांनी आपला देह झिजविला.

आणि दैवगती पहा! १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुंबई उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकास दोन मते. मात्र दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. राखीव जागेचा निकालही सर्व मतदारांनीच ठरवावयाचा. बाबासाहेब सुमारे १४,५०० मतांनी पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडारा येथील पोटनिवडणुकीतही तोच अनुभव आला.

ते खचले नाहीत. भाषिक राज्यांवरील १९५५ च्या ग्रंथात त्यांनी उपाय सुचविला : दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ असावेत आणि मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देता यावीत, म्हणजे लहान समाजही एकजुटीने आपला माणूस निवडू शकेल. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. त्यांनी सुचविलेली पद्धत मात्र आली नाही.

आता आपल्या जऊळक्याकडे पाहू. आपला तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. २००८ च्या पुनर्रचनेत वाशिम लोकसभा मतदारसंघ नाहीसा झाला. वाशिम व कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशिमकडे गेले, तर आपला रिसोड मतदारसंघ अकोल्यास जोडला गेला. कलेक्टर कचेरी वाशिमला, खासदार अकोल्याचा! लोकसंख्या समान राखण्यासाठी असे करावे लागत असेलही; परंतु आयोग आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवितो, त्या वेळी आपल्यापैकी कितीजणांनी तो वाचला?

आयोगाच्या अंतिम आदेशास पुढे कोर्टात आव्हान देणे फार कठीण असते. बोलावयाचे ते आधीच. म्हणून मंडळास नम्र विनंती की, पुढील पुनर्रचनेचा आराखडा निघताच गावसभेत त्याचे वाचन करावे आणि हरकत मुदतीत लेखी द्यावी. जयंतीच्या हारफुलांइतकेच हेही बाबासाहेबांस अभिवादन ठरेल.