चिनी मातीची बशी आणि मॉन्टेसरीबाई

रोममधील सान लोरेन्झो ही कष्टकऱ्यांची वस्ती. तेथील चाळवजा इमारतीत ६ जानेवारी १९०७ रोजी सुमारे ५० मुलांसाठी 'कासा देई बांबिनी', म्हणजेच बालगृह, सुरू झाले. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिन्याच्या भिंती खराब करीत. त्यांना कोठेतरी गुंतवून ठेवावे, एवढाच इमारतीच्या मालकांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी बोलावले ते डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना.

३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले येथे जन्मलेल्या मारियाबाईंनी १८९६ मध्ये रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली होती. त्या काळात एका स्त्रीने हे शिक्षण घेणे सोपे नव्हते. मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांबरोबर काम करताना औषधाइतकीच शिक्षणाचीही गरज असते, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

बालगृहातील त्यांचे सर्वात धाडसी पाऊल कोणते, असे विचारले तर अक्षरओळखीच्या साधनांपेक्षा तेथील जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवावे लागेल. चार वर्षांची मुले टेबल मांडीत, काटे-चमचे जागच्या जागी ठेवीत, पाण्याचे पेले तबकातून नेत आणि गरम सुपाचे भांडे सांभाळत टेबलाटेबलांवर वाढीत. भांडी मुद्दामच फुटणारी, म्हणजे काचेची आणि चिनी मातीची, ठेवली जात. न फुटणारे भांडे मुलाला निष्काळजी बनवते; फुटणारी बशी मात्र हात कोठे डगमगला हे स्वतःच सांगते, मग बाईंना रागवावे लागत नाही, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे आजही मुलाच्या हाती स्टीलचाच पेला दिला जातो, ही गोष्ट येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

एकदा त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे, रुमाल कसा धरावा, आवाज कसा होऊ द्यायचा नाही, हे दाखवले. मुले हसतील असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात मुलांनी टाळ्या वाजवल्या! या गोष्टीसाठी मुलांनी रोज बोलणी खाल्ली होती, पण ती करायची कशी हे कोणी शिकवलेच नव्हते. शिष्टाचाराची शिकवण चारचौघांत चूक काढून द्यायची नाही, तर चूक घडण्यापूर्वी, स्वतंत्रपणे, सावकाश करून दाखवायची, हा त्यांच्या पद्धतीचा पाया झाला.

त्याची कसोटी लवकरच लागली. २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपाने मेसिना शहर उद्ध्वस्त केले. तेथील सुमारे ६० अनाथ मुले रोममध्ये व्हिया ज्युस्ती येथील जोगिणींच्या मठात आणली गेली. ती गप्प असत. धड जेवत नसत की झोपत नसत. त्यांना समोर बसवून भरवण्याऐवजी टेबल मांडणे, वाढणे, नीटनेटके जेवणे ही कामे सोपवण्यात आली. हळूहळू त्यांची भूक परतली आणि हसूही.

दुसऱ्यांच्या मुलांची पंगत मांडणाऱ्या या बाईंचा स्वतःचा मुलगा मात्र त्या टेबलावर नव्हता. १८९८ मध्ये विवाहाबाहेर जन्मलेला मारिओ खेड्यातील एका कुटुंबात वाढत होता. उघड झाले असते तर बाईंचे काम तेथेच संपले असते. सुमारे पंधराव्या वर्षी तो आईकडे आला, तरी पुढे बरीच वर्षे त्याची ओळख भाचा म्हणूनच करून दिली गेली.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून दोघे मद्रासजवळील अड्यार येथे आले. तोवर भावनगरला गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी त्यांच्या विचारांची बालशिक्षणात रुजवात केलीच होती. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारने मारिओला तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. बाईंना अड्यारचे आवार सोडण्यास मनाई झाली. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्याची सुटका झाली. तेव्हा आलेल्या सरकारी तारेत त्याचा उल्लेख भाचा नव्हे, तर मुलगा असा होता, असे सांगितले जाते.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नूर्डविक येथे मारियाबाईंचे निधन झाले. त्यांचे काम पुढे मारिओने चालवले.