वेदीवरची भाकर कोणाची?



कुमसाराला जाण्यापूर्वी आपण आपल्या पापांची मनाशी उजळणी करतो. खोटे बोललो, रागावलो, रविवारची मिस्सा चुकवली, शेजाऱ्याविषयी वाईट बोललो. ही उजळणी योग्यच आहे. पण आपण सगळे मिळून जे करतो, ज्याचा फायदा सगळ्यांनाच होतो आणि म्हणून ज्यात कोणालाच पाप दिसत नाही, त्याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. कायद्याने चालते, सगळेच करतात, आपण तर इतरांपेक्षा बरेच वागतो, असे म्हणून आपण पुढे जातो. सोळाव्या शतकातील एका धर्मगुरूंनीही अनेक वर्षे असेच समाधान करून घेतले होते. पुढे त्याच धर्मगुरूंनी ख्रिस्तसभेला आणि राजसत्तेला या प्रश्नापासून तोंड फिरवू दिले नाही. त्यांचे नाव बार्तोलोमे दे लास कासास.

बार्तोलोमे यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. ते लहान असतानाच कोलंबस पहिल्या सफरीवरून परतला. १४९३ साली त्याच्या दुसऱ्या सफरीत बार्तोलोमे यांचे वडील पेद्रो सामील झाले. परत येताना त्यांनी मुलासाठी एक तायनो मुलगा गुलाम म्हणून आणला. पुढे राणी इसाबेलाने असे आणलेले लोक परत पाठवण्याचा हुकूम काढला आणि तो मुलगा मायदेशी गेला. आपल्या वयाचा एक माणूस भेटवस्तूसारखा घरात आला आणि गेला, पण त्या काळी सेव्हिलमध्ये कोणाला त्यात विशेष काही वाटले नाही.

१५०२ साली बार्तोलोमे स्वतः समुद्र ओलांडून हिस्पान्योला बेटावर पोहोचले. आज त्या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत. तेथे त्यांना जमीन मिळाली आणि त्या जमिनीवर राबायला माणसेही मिळाली. या पद्धतीला एन्कोमिएंडा म्हणत. राजाच्या वतीने स्थानिक लोकांचा एक गट एका स्पॅनिश माणसाच्या हवाली केला जाई. त्याने त्यांचे रक्षण करावे, त्यांना ख्रिस्ती श्रद्धा शिकवावी आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यावे, असा नियम होता. कागदावर ही धर्मसेवा होती. प्रत्यक्षात माणसे सोन्याच्या खाणीत आणि शेतात मरेपर्यंत राबत होती. मागे राहिलेल्या बायकामुलांची उपासमार होत होती. गावेच्या गावे ओस पडली. १५१८ साली देवीची साथ आली, तोपर्यंत तायनो समाज आधीच मोडून पडला होता.

या पद्धतीला पहिला जाहीर विरोध चर्चमधूनच झाला. २१ डिसेंबर १५११ रोजी आगमनकाळाचा चौथा रविवार होता. सांतो डोमिंगो येथे डोमिनिकन संघाचे फादर अंतोनियो दे मोंतेसिनोस प्रवचनाला उभे राहिले. समोर कोलंबसचा मुलगा, बेटाचा गव्हर्नर दिएगो, आणि सगळे प्रतिष्ठित जमीनदार बसले होते. अरण्यात ओरडणाऱ्या योहानाचा आधार घेऊन फादरांनी त्यांना विचारले की, या लोकांना तुम्ही कोणत्या अधिकाराने राबवता, आणि ती माणसे नाहीत काय? अशा स्थितीत तुमचा आत्मा तरणार नाही, असेही त्यांनी बजावले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ते प्रवचन एकट्या मोंतेसिनोस यांचे नव्हते. मठातील सर्व बंधूंनी मिळून ते तयार केले होते आणि त्यावर सह्या केल्या होत्या. संतापलेले लोक मठात गेले, तेव्हा मठप्रमुख पेद्रो दे कोर्दोबा यांनी ते शब्द आम्हा सर्वांचे आहेत असे सांगितले. पुढच्या रविवारी शब्द मागे घेतले जातील अशा आशेने चर्च भरले. मोंतेसिनोस यांनी तेच पुन्हा मांडले, आणखी कडकपणे. अन्यायात सगळे सामील होते, म्हणून त्याविरुद्ध बोलण्याची जबाबदारीही त्या मठाने सगळ्यांनी मिळून उचलली.

बार्तोलोमे यांनी तोपर्यंत गुरुदीक्षा घेतली होती आणि ते त्याच बेटावर राहत होते. त्यांचे मन तेव्हा पालटले नाही. एका डोमिनिकन धर्मगुरूने त्यांना पापक्षमा देण्याचे नाकारले, कारण त्यांच्याकडे राबणारी माणसे होती. बार्तोलोमे यांनी त्या धर्मगुरूशी वाद घातला आणि आपली माणसे आपल्याजवळच ठेवली.

१५१३ साली ते स्पॅनिश फौजेबरोबर धर्मगुरू म्हणून क्युबात गेले. काओनाओ नावाच्या गावात लोक फौजेसाठी मासे आणि भाकरी घेऊन जमले होते. अचानक एका सैनिकाने तलवार उपसली, बाकीच्यांनीही उपसल्या आणि नि:शस्त्र स्त्रीपुरुषांची कत्तल झाली. बार्तोलोमे यांनी ती डोळ्यांनी पाहिली. त्यांनी आरडाओरडा केला, काहींना वाचवण्याचा प्रयत्न केला. पण मोहीम संपल्यावर जमिनीची आणि माणसांची वाटणी झाली, तेव्हा आपला वाटाही त्यांनी घेतला. पेद्रो दे ला रेन्तेरिया या मित्राबरोबर त्यांनी आरिमाओ नदीकाठी शेती सुरू केली. आपल्या माणसांशी ते सौम्यपणे वागत.

आपल्यासारख्यांना या माणसाची ओळख इथे पटते. ते क्रूर नव्हते, दुसऱ्याची क्रूरता पाहून त्यांना दु:ख होत होते. पण दु:ख करणे एक आणि लाभ सोडणे दुसरे. दयाळूपणाने अन्याय सुसह्य होतो, पण त्याचा न्याय होत नाही. ज्याच्यावर माझा मुळात अधिकारच नाही त्याला मी नीट वागवतो, एवढ्याने माझा हिशेब पूर्ण होत नाही.

१५१४ साली पेन्टेकॉस्टच्या सणासाठी बार्तोलोमे प्रवचनाची तयारी करीत होते. वाचता वाचता ते जुन्या करारातील बेन सिरा याच्या ग्रंथाच्या ३४व्या अध्यायापाशी थांबले. गरिबाचे हिरावून घेऊन देवाला वाहिलेले अर्पण हे देवाच्या दृष्टीने अर्पणच नव्हे, कामगाराची मजुरी बुडवणे हे त्याचे रक्त सांडण्यासारखे आहे, असा त्या भागाचा आशय आहे. बार्तोलोमे रोज वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करीत. ती भाकर ज्या मिळकतीतून येते ती कोणाच्या घामाची आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. मोंतेसिनोस यांचे शब्द आठवले. पापक्षमा नाकारणारे धर्मगुरूही आठवले. काही दिवस त्यांनी विचार केला आणि ही सगळी पद्धतच अन्यायाची आहे, या निष्कर्षावर ते आले.

आपली माणसे सोडली तर ती आणखी क्रूर मालकाच्या हाती जातील, हे त्यांना ठाऊक होते. ही शंका खरी होती. पण स्वत:चे हात त्यात गुंतलेले असताना इतरांना सांगण्याचा अधिकार उरत नाही, हेही त्यांना कळले होते. त्यांनी गव्हर्नर दिएगो वेलास्केस याच्याकडे जाऊन माणसे परत केली. १५ ऑगस्ट १५१४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांनी ही गोष्ट भर प्रवचनात जाहीर केली. मित्र रेन्तेरिया तेव्हा जमैकाला गेला होता. तेथे तोही स्वतंत्रपणे अशाच विचारावर आला होता. दोघांनी मिळून मालमत्ता विकायचे ठरवले आणि त्या पैशातून बार्तोलोमे राजाला भेटायला स्पेनला गेले. १५१६ साली कार्डिनल सिस्नेरोस यांनी त्यांना स्थानिक लोकांचे संरक्षक नेमले.

त्यांच्या जीवनातील एक काळी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. स्थानिक लोकांचा भार हलका व्हावा म्हणून त्या काळात त्यांनी बाहेरून गुलाम आणण्याची सूचना केली, आणि त्यात आफ्रिकन माणसेही होती. आफ्रिकन गुलामांचा व्यापार त्यांच्यापूर्वीच सुरू झाला होता, पण त्यांच्या शब्दाने त्याला पाठबळ मिळाले. पुढे पोर्तुगीजांनी आफ्रिकेत ही माणसे कशी पकडली हे अभ्यासल्यावर त्यांना कळले की, हा अन्यायही तितकाच मोठा आहे. आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी हा दोष स्वत:च्या नावावर लिहून ठेवला. अज्ञानाची सबब देवापुढे पुरेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. एका समाजासाठी न्याय मागताना दुसऱ्याचा बळी देता येत नाही, हा धडा त्यांनी मोठ्या किमतीने शिकला.

१५२२ साली ते डोमिनिकन संघात दाखल झाले आणि अनेक वर्षे अभ्यासात घालवली. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केले की, या लोकांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता, ते ख्रिस्ती नसले तरी, हिरावून घेता येणार नाही. १५४२ साली स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याने नवे कायदे केले. स्थानिक लोकांना गुलाम करण्यास बंदी झाली आणि एन्कोमिएंडा वारसाहक्काने पुढे जाणार नाही असे ठरले. यामागे बार्तोलोमे यांचे परिश्रम होते. त्याच वर्षी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले होते, म्हणजे हा काळ आपल्याही इतिहासापासून फार दूरचा नाही.

१५४४ साली त्यांना मेक्सिकोतील चियापास धर्मप्रांताचे बिशप म्हणून अभिषेक झाला. १५४५च्या उपवासकाळात त्यांनी आदेश काढला की, जे गुलाम सोडत नाहीत आणि लुटलेले परत करीत नाहीत, त्यांना पापक्षमा देऊ नये. शहरात गोंधळ माजला. त्यांच्याच कॅथेड्रलच्या एका वरिष्ठ धर्मगुरूने आदेश मोडला. बिशपांना धमक्या आल्या. त्याच वर्षी जमीनदारांच्या दबावाखाली राजाने वारसाहक्काचा तो कायदा मागे घेतला. १५४७ साली बार्तोलोमे कायमचे स्पेनला परतले.

कुमसार ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी १२ नियम लिहिले होते. सामुदायिक जबाबदारीचा इतका स्पष्ट विचार त्या काळी क्वचितच कोणी मांडला असेल. मोहिमेत भाग घेतलेल्या माणसाने कुमसारापूर्वी नोटरीसमोर परतफेडीचा दस्तऐवज करावा. ज्यांचे लुटले त्यांना द्यावे, ते हयात नसल्यास त्यांच्या वारसांना, वारस नसल्यास त्यांच्या गावाला द्यावे. मी स्वत: थोडेच घेतले ही सबब चालणार नाही, कारण सर्वांनी मिळून केलेल्या नुकसानीला त्यातला प्रत्येक जण पूर्ण जबाबदार आहे. लुटारूंना शस्त्रे विकणारा व्यापारीही त्यात आला. हे नियम राजाच्या अधिकारालाच आव्हान देतात असा आरोप झाला आणि त्यांच्या प्रती जप्त करण्याचा हुकूम निघाला.

१५५० आणि १५५१ साली वायादोलिद शहरात विद्वानांच्या सभेपुढे हा प्रश्न आला. पंडित हुआन हिनेस दे सेपुल्वेदा यांनी अॅरिस्टॉटलचा आधार घेतला. काही माणसे जन्मत:च दास असतात, म्हणून त्यांच्यावर शहाण्यांनी बळाने राज्य करणे योग्यच, असा त्यांचा युक्तिवाद होता. बार्तोलोमे यांनी पाच दिवस आपला प्रबंध वाचला. देवाने बुद्धी दिलेला एकही मानवसमाज दास म्हणून निर्माण झालेला नाही, हा त्यांच्या उत्तराचा गाभा होता. पंचांनी स्पष्ट निकाल दिला नाही. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे वयाच्या ८२व्या वर्षी बार्तोलोमे प्रभूला प्रिय झाले. तोपर्यंत एन्कोमिएंडा पद्धत चालूच होती.

मग या जीवनातून आपण काय घ्यावे?

दोष आणि जबाबदारी यांत फरक आहे. जे मी केले नाही त्याचा दोष माझ्यावर येत नाही. पण ज्या अन्यायाचे फळ मी खातो, तो दूर करण्याची जबाबदारी माझ्यावर येते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७च्या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी शिकवण दिली. या रचना व्यक्तींच्या पापांतून उभ्या राहतात, म्हणून त्या मोडण्याचे कामही व्यक्तींनाच करावे लागते. १२ मार्च २००० रोजी त्यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतर लोकसमूहांच्या हक्कांविरुद्ध केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. २०२३ साली व्हॅटिकनने एक निवेदन काढून, शोध लावणाऱ्याला स्थानिकांच्या भूमीवर हक्क मिळतो हा जुना सिद्धान्त नाकारला. लास कासास यांनी सुरू केलेली परतफेड अजून पूर्ण झालेली नाही.

आपल्या धर्मग्रामात एन्कोमिएंडा नाही. पण आपल्या घराचा स्लॅब भरणारे मजूर आहेत, शेतात-वाडीत राबणारे आदिवासी बांधव आहेत, धुणीभांडी करणाऱ्या बाई आहेत, सणाचा मांडव घालणारी मुले आहेत. त्यांच्या मजुरीचा दर आपण सगळे मिळून ठरवतो आणि एकमेकांकडे बोट दाखवून तोच दर योग्य मानतो. बाई आजारी पडली तर पगार कापतो. वीटभट्टीवरच्या मुलाची शाळा कोणाची जबाबदारी, हे कोणीच विचारत नाही. दिवाळीला किंवा नाताळला आपण त्यांना कपडे आणि फराळ देतो. ते जरूर द्यावे, पण देणे आणि देणे लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येत्या आठवड्यात प्रत्येक वॉर्डातील लहान ख्रिस्ती समूहाने या विषयावर एकदा बसावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या वॉर्डात कोण कोणासाठी राबते, किती तास, किती मजुरीवर, याची माहिती घ्या. एकट्या कुटुंबाला दर वाढवणे अवघड वाटते, पण वीस कुटुंबांनी मिळून ठरवले तर ते सहज होते. सांतो डोमिंगोच्या मठातही सह्या सगळ्यांच्या होत्या.

पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेले जातील, तेव्हा त्यामागचे हात आपण सर्वांनी आठवू या. ज्यांचे देणे राहिले आहे त्यांचे ते देण्याची बुद्धी आणि धैर्य प्रभू येशू आपल्या धर्मग्रामाला देवो.