संगणकास ‘वर्गा’ची कल्पना देणारे क्रिस्टेन न्यूगार्ड

प्रत्येकाचे स्वतःचे काय आणि सर्वांचे मिळून एकच काय, हा विवेक घरात व गावकारभारात जितका आवश्यक, तितकाच तो संगणकाच्या आज्ञावलीतही आवश्यक असतो. तो ज्या कल्पनेमुळे सुलभ झाला, ती ‘वर्गा’ची कल्पना नॉर्वे देशातील क्रिस्टेन न्यूगार्ड व त्यांचे सहकारी ओले-योहान डाल यांनी जगास दिली. त्यांपैकी न्यूगार्ड यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगत आहोत.

न्यूगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ऑस्लो येथे झाला. १९४८ मध्ये ते संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाले. तेथे अणुभट्टीसंबंधीची प्रचंड आकडेमोड त्यांच्या वाट्यास आली. १९५६ मध्ये त्यांनी ऑस्लो विद्यापीठाची गणितातील उच्च पदवी संपादन केली आणि १९६० मध्ये ते नॉर्वेच्या संगणन केंद्रात गेले.

कारखान्यातील कामाचा ओघ किंवा गिऱ्हाइकांच्या रांगा यांची प्रतिकृती संगणकात कशी उभारावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी डाल यांच्या साहाय्याने ‘सिम्युला’ ही भाषा रचली. १९६७ च्या तिच्या सुधारित रूपात ‘वर्ग’ व ‘वस्तू’ या कल्पना पूर्णत्वास आल्या. वर्ग म्हणजे साचा आणि वस्तू म्हणजे त्या साच्यातून घडलेली एकेक आकृती.

आपल्या शाळेतील उदाहरण घेऊ. विद्यार्थी हा वर्ग मानला, तर प्रत्येक विद्यार्थी ही एक वस्तू होय. नाव आणि गुण ज्याचे त्याचे निराळे. परंतु एकूण पटसंख्या सर्वांची मिळून एकच. ती चाळीस जणांच्या चाळीस वह्यांत लिहिली, तर एक नवा विद्यार्थी येताच चाळीसही वह्या दुरुस्त कराव्या लागतील आणि एखादी राहून गेली की घोटाळा होईल. म्हणून ती एकदाच, सर्वांना दिसेल अशा फळ्यावर लिहावी. एकही विद्यार्थी आलेला नसला, तरी फळा असतोच व त्यावर शून्य लिहिता येते. वर्गाच्या पातळीवरील सदस्य तो हाच.

सिम्युलात यासाठी निराळा शब्द नव्हता. असे समाईक मूल्य वर्गाला वेढणाऱ्या बाहेरच्या खंडात ठेवीत आणि आतील सर्व वस्तूंना ते दिसे. पुढे स्मॉलटॉक भाषेत ते वर्गाच्याच मालकीचे झाले. सिम्युलाचे वर्ग आवडलेल्या बियार्ने स्ट्राउस्ट्रप या डॅनिश पंडिताने १९७९ पासून ते सी भाषेत आणण्यास आरंभ केला. त्यातून निघालेल्या सी प्लस प्लसमध्ये, आणि नंतर जावामध्ये, अशा सदस्यास ‘स्टॅटिक’ म्हणतात. मात्र फळ्यावरचा आकडा कोणीही पुसू लागला, तर त्याचा फटका सर्वांनाच बसतो. म्हणून चतुर आज्ञावलीकार असा सदस्य खाजगी ठेवतो आणि तो बदलण्याचा अधिकार नेमून दिलेल्या कृतींनाच देतो.

समाईक गोष्टीवर हात कोणाचा, हा प्रश्न न्यूगार्ड यांनी संगणकाबाहेरही सोडला नाही. कारखान्यांत संगणक येऊ लागले, तेव्हा त्याचे ज्ञान मालकांपाशीच राहू नये, असे त्यांना वाटले. १९७० नंतर त्यांनी लोह व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करून कामगारांना या यंत्रांची ओळख करून दिली. १९७५ मध्ये नॉर्वेतील कामगार महासंघ व मालकसंघ यांच्यात संगणकाच्या वापरासंबंधी राष्ट्रीय करार झाला. ज्यांच्या कामावर यंत्राचा परिणाम होणार, त्यांना त्याबाबत बोलण्याचा हक्क मिळाला. आपल्या विद्येमुळे दुसऱ्याच्या हातचे काम बदलणार आहे, ही जाणीव ठेवणारे पंडित विरळाच. न्यूगार्ड त्यांपैकी होते.

न्यूगार्ड व डाल यांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्यानंतर थोड्याच काळात, २९ जून २००२ रोजी डाल आणि १० ऑगस्ट २००२ रोजी न्यूगार्ड कालवश झाले. आयुष्यभराच्या सहकाऱ्यांत दीड महिन्याचेही अंतर पडले नाही.

विद्यार्थिमित्रहो, आज्ञावली लिहिताना एखादे मूल्य कोठे ठेवावे असा प्रश्न पडेल, तेव्हा ते एकट्याचे की सर्वांचे, हे प्रथम ठरवा. सर्वांचे असेल, तर ते एकदाच लिहा व जपून हाताळा. न्यूगार्ड यांच्या चरित्रातून आम्ही घेतला तो बोध हाच.