डॉ. लुडविग गुट्टमान : रुग्णाला कुशीवर वळविणारे वैद्य

मलमूत्रात पडून राहिलेल्या एका आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, अशी कथा विनयपिटकात येते. त्या कथेशेजारी ठेवावे असे एक आधुनिक चरित्र आम्हांस डॉ. लुडविग गुट्टमान यांचे वाटते.

त्यांचा जन्म १८९९ साली जर्मनीतील एका ज्यू कुटुंबात झाला. १९१७ मध्ये खाणकामगारांच्या रुग्णालयात सेवा करताना पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट तरुण त्यांनी पाहिला. हा फार दिवस जगणार नाही, त्याची फारशी नोंद नको, असे वरिष्ठांनी त्यांना बजावले. पाच आठवड्यांत तो गेला. त्याचा प्राण घेतला तो जंतुसंसर्गाने.

कंबरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला टोचणी कळत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटतो, मांस सडते, प्रसंगी हाड उघडे पडते आणि विष रक्तात भिनते. हेच शय्याव्रण, घरोघरी त्याला बेडसोअर म्हणतात.

१९३३ मध्ये केवळ ज्यू म्हणून गुट्टमान यांना नोकरीतून काढण्यात आले. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको. पुढे ते ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयाचे प्रमुख झाले. नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचाराच्या रात्री दारी येईल त्या प्रत्येकास दाखल करून घ्या, असा हुकूम त्यांनी दिला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोर एकेकाचा आजार रचून सांगितला. साठ जण वाचले. १९३९ मध्ये त्यांनी सहकुटुंब इंग्लंड गाठले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे त्यांचा कक्ष सुरू झाला. प्लास्टरमध्ये जखडलेले जखमी सैनिक तेथे येत. प्लास्टर काढले की खाली चिघळलेले व्रण. त्यांनी प्लास्टर नाकारले. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलावी, हा नियम घातला. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास ते स्वतः रात्री फेरी मारीत.

व्रण खोल गेला तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. मेलेले मांस आणि सडलेले हाड काढून शेजारचे निरोगी स्नायू व त्वचा वळवून खड्डा झाकावा लागतो. परंतु त्याच जागी पुन्हा भार पडला, तर शिवलेली जखम उघडते. मीरा-भाईंदरमधील लहान खोल्यांत अंथरुणाला खिळलेले वडीलधारे सांभाळणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानी ठेवावे. कूस बदलण्यास पदवी लागत नाही.

जगलेल्या रुग्णांनी करावयाचे काय? गुट्टमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी चाकाच्या खुर्चीवरील सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. तिच्यातूनच पॅरालिंपिक उभे राहिले. १९७२ मध्ये ज्या जर्मनीतून ते परागंदा झाले होते, तेथील हायडेलबर्गला ही स्पर्धा झाली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर तेथे पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. गुट्टमान १८ मार्च १९८० रोजी निवर्तले.