स्टोरेज अडलं की रांग बघा: टेलिफोनवाल्या एर्लांग यांची गोष्ट

अपडेट टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून गॅलरी उघडताना फोन अडखळतो, हे तुमच्याही बाबतीत झालं असेल. काही वर्षांपूर्वी माझ्या लिनक्स लॅपटॉपचं कर्नल बदललं तेव्हा हेच झालं. कर्नल म्हणजे ॲप्स आणि हार्डवेअर यांच्या मधला, सगळ्यांची कामं लावून देणारा भाग. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल असतं. हार्डडिस्क तीच, फाइल्स त्याच, मग वेळ जातोय कुठे? हे शोधताना मी १९२९ सालीच वारलेल्या एका डॅनिश माणसापाशी पोचलो.

अग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग गावचा. वडील गावच्या शाळेत मास्तर. पोरगा इतका हुशार की वय कमी असूनही खास परवानगी काढून चौदाव्या वर्षी विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा पास झाला. मग दोन वर्षं वडिलांच्याच हाताखाली शिकवलं. १९०१ मध्ये कोपनहेगनला गणिताची पदवी, पुढे काही वर्षं मास्तरकी. गणितज्ञांच्या मंडळात त्यांना योहान येन्सन भेटले. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते. त्या ओळखीतून १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत लागले.

तिथला प्रश्न साधा दिसतो, पण चकवणारा आहे. एक्स्चेंजमध्ये लाइनी किती टाकायच्या? कमी टाकल्या तर लोक ताटकळणार, जास्त टाकल्या तर पैसा वाया. १९०९ मध्ये त्यांनी दाखवलं की कॉल कधीही आले तरी त्या बेशिस्तीलाही गणित असतं. १९१७ मध्ये किती कॉल अडतील आणि किती वेळ थांबावं लागेल याची सूत्रं दिली.

आता तेच गणित स्टोरेजला लावू. समजा एक विनंती १ मिलिसेकंदात होते आणि सेकंदाला ८०० विनंत्या येतात. एकच खिडकी धरली तर सरासरी ५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ४ नुसते रांगेत उभं राहण्यात! आता कर्नलमुळे काम १.१ मिलिसेकंदांचं झालं, तर तोच आकडा ९ च्या वर जातो. बिघाड दहा टक्क्यांचा आणि त्रास जवळजवळ दुप्पट. (खऱ्या फ्लॅश स्टोरेजला अनेक खिडक्या असतात, पण कल तोच.)

म्हणून मी आधी जुन्या कर्नलवर परत बूट केलं आणि तीच चाचणी चालवली. फरक खरा होता. मग ‘आयओस्टॅट’मध्ये रांगेची लांबी आणि प्रत्येक विनंतीचा वेळ बघितला. नव्या कर्नलवर दोन्ही वाढलेले. कारण निघालं शेड्यूलर, म्हणजे कोणाचा नंबर आधी हे ठरवणारा भाग. २०१९ च्या लिनक्स ५.० मध्ये जुने शेड्यूलर काढून टाकले, त्यात माझा ‘सीएफक्यू’ही गेला. ‘बीएफक्यू’ लावल्यावर लॅपटॉप ताळ्यावर आला. रांग जशीच्या तशी असून ॲप मंद असतं, तर मी डिस्क सोडून प्रोसेसरकडे वळलो असतो. २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’वरच्या दुरुस्तीने असंच झालं होतं: कर्नलमध्ये जाण्या-येण्याचाच खर्च वाढला होता.

एर्लांगही नुसते टेबलावर बसून राहिले नाहीत. तारांमधली गळती मोजायला ते शिडीवाल्या कामगाराला घेऊन कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये उतरायचे. लग्न केलं नाही, पुस्तकं मात्र ढिगाने जमवली. कंपनीत जवळपास वीस वर्षं काढली आणि त्यात आजारपणाची रजा म्हणून घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले आणि ३ फेब्रुवारीला गेले. वय ५१.

टेलिफोनच्या भाराचं एकक १९४६ पासून ‘एर्लांग’ म्हणून मोजलं जातं. त्यांच्या नावाची प्रोग्रामिंग भाषाही आहे, आणि व्हॉट्सॲपचे सर्व्हर तिच्यातच लिहिलेत.